शनी-अमावस्येची मॅच

पुंजाआप्पांच्या नाकावर राग असतो, असं मखमलाबादच्या मळ्यांत सगळे म्हणत. ते काही खरं नाही. राग आप्पांच्या अंगभर होता, नाकावर फक्त दिसायचा. विहिरीवरची मोटार बंद पडली की मोटारीवर राग, वीज आली नाही की विजेवर, आणि आली तर एवढा उशीर का म्हणून. बायको कुसाबाई, मुलगा सोमनाथ, सून शुभांगी, सगळ्यांनी त्यांच्या शिव्या खाल्लेल्या. सुटली होती ती एकटी नात. वेदिका एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. तिच्यावर आप्पा कधी रागावले नव्हते, आणि तिच्यावर दुसरं कोणी रागावलेलं त्यांना खपत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी जेवताना वेदिकानं सांगितलं, "आप्पा, मनमाडची मॅच ठरली. त्यांच्या ग्राउंडवर. शनिवारी."

आप्पांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारच्या चौकोनात काळा गोळा होता. अमावस्या, आणि तीही शनीची.

आता अमावस्येला आप्पांची पिकअप दारातून हलत नसे, हे मळ्यातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. एकवीस वर्षांपूर्वी अशाच एका अमावस्येला भरल्या गाडीचे ब्रेक कसारा घाटात गेले होते. आप्पा वाचले, कोबी दरीत गेला. तेव्हापासून कोथिंबीर पिवळी पडो, पाहुणे फाट्यावर ताटकळत उभे राहोत, अमावस्येला गाडीची किल्ली देवघरात. सख्खा मेहुणा वारला तेव्हाही त्यांनी दुसऱ्याची गाडी बोलावली होती.

"मग तुमचं काय जमायचं नाय, आप्पा," सोमनाथ म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

"हो ना. पुढच्या मॅचला जा तुम्ही," शुभांगी म्हणाली.

आप्पांनी हातातला तुकडा चावून गिळला. मग तांब्या दाणकन खाली ठेवून म्हणाले, "कोण म्हणतं नाय जमायचं? पोरगी परक्या गावात खेळणार, सगळी तिकडची माणसं तिच्यावर वरडणार, आन् मी हितं देवघरात किल्ली ठिवून बसू? शनिवारी गाडी निघंल."

"आवो, शनी-अमावस्या हे!" कुसाबाईंचा हात कपाळावर गेला.

"मग शनीलाबी दाखवू मॅच. बसंल मागं सतरंजीवर."

कोणी हसलं नाही. वेदिकाचा घास तोंडातच राहिला होता. आप्पांना वाटलं, पोरीचा ऊर भरून आला.

गुरुवारपासून आप्पांनी घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या मळ्यातला निवृत्ती आणि त्याचे तीन भाऊ, भजनी मंडळातला ताशावाला, कुसाबाईंच्या दोन बहिणी आणि घरचे चौघं, अशी अकरा माणसं ठरली. सहाला निघायचं, पिंपळगावला थांबायचं नाही, चांदवडला चहा. बायकांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करायची, लोणचं नको, सतरंजीला डाग पडतात. पिकअप धुतली, चाकांत हवा भरली. आरशाला लिंबू-मिरचीशेजारी एक शिट्टी लोंबत होती, ती आप्पांनी स्वतःच्या धोतरानं पुसली.

त्या शिट्टीची गोष्ट गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे. श्रावणात कॉलेजच्याच ग्राउंडवर मॅच होती. समोरच्या टीममधल्या एका दांडगट मुलीनं वेदिकाच्या बरगडीत गुडघा घातला आणि पंचानं काही शिट्टी वाजवली नाही. आप्पा दोरी ओलांडून आत गेले. पंचाच्या गळ्यातली शिट्टी त्यांनी हिसकावली, स्वतःच फुंकली, आणि त्या माणसाची आई-बहीण काढत त्याला गोलापर्यंत पळवला. मॅच वीस मिनिटं बंद पडली होती. शिट्टी परत द्यायची राहिली ती राहिलीच.

"न्याय केला आपण," आप्पा शेवटी म्हणायचे, आणि गिअर टाकायचे.

घरच्यांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. सोमनाथ म्हणाला, क्लच सरकतोय. आप्पांनी क्लच दाबून दाखवला. कुसाबाई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात. आप्पा म्हणाले, तू घरी ऱ्हा, तुझ्या जागी ढोलकीवाला बसंल. शुभांगी म्हणाली, तिथं पास लागतो म्हणे. तेव्हा आप्पांचा पारा चढला. "माझ्या नातीला बघायला मला पास? कोण मागतो बघतो मी. तुम्हा सगळ्यांच्या पोटात का दुखतंय? माझं चांगलं बघवत नाय कुणाला!"

शुक्रवारी सकाळी वेदिका निघाली. टीम एक दिवस आधी जाते, रात्री मनमाडलाच मैत्रिणीच्या, योगिनीच्या मामाकडे मुक्काम, असं तिनं सांगितलेलं. ती पाया पडली तेव्हा आप्पा म्हणाले, "घाबरायचं नाय. उद्या आम्ही अकरा जण तुझ्या गोलामागं उभे."

"हं," ती म्हणाली, आणि बुटांची नाडी बांधत बसली. नाडी तर बांधलेलीच होती.

दुपारी एक वाजता आप्पांना गाडी कुठं लावायची याची काळजी लागली. मनमाडला त्यांचा जुना व्यापारी होता, धनराजशेठ. त्यांनी फोन लावला.

"शेठ, कॉलेजच्या ग्राउंडपाशी पिकअप लावायला जागा हाय का? उद्या मॅच हे ना, पोरींची."

"उद्या कशाची? आज आहे, आप्पा. चार वाजता. सकाळपासून भोंगा कोकलतोय इथं, कान किटले. नाशिकच्या पोरींची बसही आली मघाशी."

आप्पांनी फोन बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा विचारलं, तेच उत्तर आलं. मग ते पडवीतून स्वयंपाकघरात गेले. शुभांगी उद्याच्या दशम्यांसाठी गूळ किसत होती. किसतच होती, म्हणजे नाटक शेवटपर्यंत वठवायचं ठरलेलं दिसत होतं.

"मॅच आज हे," आप्पा म्हणाले. ते ओरडले नाहीत, आणि शुभांगीला त्याचीच भीती वाटली. तिनं किसणी खाली ठेवली.

"आप्पा, ऐका. श्रावणातल्या त्या मॅचनंतर कॉलेजनं लेखी दिलंय. घरच्या माणसानं पुन्हा ग्राउंडवर गोंधळ घातला तर वेदिका टीममधून बाहेर. कायमची. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून तिनं सांगितलं नाही. मॅच अमावस्येला आहे असं सांगितलं की तुम्ही आपोआप घरी राहाल, असं वाटलं आम्हाला."

"आम्हाला? कोण कोण आम्ही?"

शुभांगीनं दाराकडे पाहिलं. दारात कुसाबाई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणजे सगळेच. एकवीस वर्षांचा नेम मोडायला निघालेला माणूस, अकरा जण गोळा करणारा, सतरंजी धुणारा, आणि हे सगळं बघत हे लोक गूळ किसत होते! आप्पांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी गुळाचं ताट लाथेनं उडवलं, किल्ली घेतली आणि पिकअप सुरू केली.

दोन तासांचा रस्ता होता. दीडला निघालं तर साडेतीनला मनमाड. ते सहज पोचले असते. फाट्यापर्यंत गेलेही. तिथं उसाची गाडी आडवी आली, ब्रेक मारावा लागला, आणि आरशाची शिट्टी त्यांच्या कपाळावर येऊन आपटली.

आप्पांनी गाडी कडेला घेतली. ते शहाणे झाले म्हणून नव्हे. इतक्या सहज शहाणे होणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांना उलटा राग आला. मी नको ना तुम्हाला? मग नाहीच येत. मारा म्हणावं गुडघे तिच्या बरगडीत, वाजवू नका शिट्टी, तुम्ही आणि तुमचं कॉलेज. गाडी वळवून ते मळ्यात आले, मेथीच्या वाफ्यात बसले आणि तण उपटू लागले. चार वाजले तेव्हा तणाबरोबर मेथीही उपटली जात होती. पाच वाजेपर्यंत अख्खा वाफा साफ झाला. सोमनाथ बांधावर येऊन उभा राहिला, पण जवळ यायची त्याची छाती झाली नाही.

शनिवारी सकाळी सहाला आप्पांनी देवघरातून किल्ली घेतली.

"आता कुठं?" कुसाबाई धास्तावून म्हणाल्या. "मॅच तर झाली. आन् आज अमावस्या हे!"

"मला शनिवारचं सांगितलंय. मी शनिवारी जाणार."

निवृत्ती ठरल्याप्रमाणे धुतलेली टोपी घालून रस्त्यावर उभा होता. आप्पांनी काच खाली केली नाही. पिंपळगाव गेलं, चांदवडला चहा घेतला नाही. उतारावर प्रत्येक वेळी ते ब्रेक दोनदा तपासत होते, आणि त्या तपासण्याचाही त्यांना राग येत होता.

मनमाडच्या कॉलेजचं ग्राउंड रिकामं होतं. दोन शेळ्या, चुन्याच्या पुसट रेघा, पाण्याच्या चुरगळलेल्या बाटल्या. आप्पा गोलाच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला.

"वेदे, मी आलोय. गोलामागं उभा हाय. मॅच कवा सुरू होती?"

 पलीकडून फोन बंद झाला, आणि पंधरा मिनिटांनी योगिनीच्या मामाकडून आलेल्या रिक्षातून ती उतरली. डाव्या गालावर खरचटलं होतं. डोळे सुजलेले होते, ते खेळून सुजले की रडून, कोण जाणे. ती चालत आली आणि त्यांच्यापासून चार पावलांवर थांबली.

"आज अमावस्या आहे, आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही गाडी काढली?"

"तू म्हणालीस शनिवारी. मी शनिवारी आलो. खोटं मी नाय बोललो, तू बोललीस! मी चोर हाय? येडा हाय मी? येवढ्या लोकांत मला येडा केलास! माझ्या तोंडावर सांगायचं, आप्पा येऊ नका. येवढे तीन शब्द तुला जड झाले?"

शेळ्या पळाल्या. आयुष्यात पहिल्यांदा आप्पा नातीवर ओरडले होते, आणि थांबता येत नव्हतं. त्यांना वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा लाल झाला, आणि तेव्हा आप्पांच्या ध्यानात आलं की हा राग कुणाचा आहे. त्यांचाच होता. घरातल्या दुसऱ्या कुणाला तो मिळाला नव्हता.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?" वेदिका ओरडली. "खरं सांगा. मी तोंडावर म्हटलं असतं, येऊ नका, तर तुम्ही राहिला असता घरी?"

  चुन्याच्या रेघेवर आप्पांची वहाण होती, ती त्यांनी मागं घेतली.

"नसतो राहिलो," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. नसतो राहिलो."

 दोघं गाडीकडे चालत गेले. गाडीत बसल्यावर तिनं हात वर करून आरशाची शिट्टी सोडवली. गाठ सुटेना, तर दातांनी तोडली आणि बॅगेत टाकली. ती पंचाला परत जाणार हे आप्पांना कळलं. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि लिंबू-मिरचीकडे बघत राहिले.

 चांदवडला आप्पांनी विचारलं, "किती गोल खाल्ले?"

"एकपण नाही."

"गालाला काय झालं?"

"लागलं. पंचानं शिट्टी वाजवली लगेच. आप्पा, सगळेच पंच आंधळे नसतात."

आप्पांनी हुं केलं. पिंपळगावच्या टोलनाक्याच्या रांगेत गाडी थांबली, तेव्हा ते पुढच्या ट्रककडे बघत म्हणाले, "पुढची कवा हे?"

"पुढच्या रविवारी. इगतपुरीला." तिनं मांडीवरची बॅग सरळ केली. "खरंच रविवारी."

रांग पुढं सरकली. मागच्यानं हॉर्न वाजवला. आप्पांनी त्याला शिवीसुद्धा दिली नाही. सबंध आयुष्यात त्यांनी कुणाला कधी परवानगी मागितली नव्हती.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

वेदिकानं त्यांच्याकडे वळून सरळ डोळ्यांत पाहिलं.

"नाही. आप्पा, येऊ नका."

आप्पांना भयंकर राग आला. कानशिलं तापली. तो सगळा राग त्यांनी कसाबसा गिळला, गिअर टाकला आणि गाडी पुढं घेतली.