ईदचा बोकड आणि फ्रान्सची डागणी

मफद्दल पंधरा दिवस फ्रान्सला जाऊन आला आणि गावातल्या बकऱ्यांना एकाएकी शिंगं जड झाली. शफशावनच्या डोंगरातल्या दूधसंघाचा तो अध्यक्ष. तिकडे एकाही बकरीला शिंगं नाहीत, हे त्याने चौकात, मशिदीबाहेर, न्हाव्याकडे, जो भेटेल त्याला ऐकवलं. मग करडांच्या शिंगांचे कोंब डागून जाळायची लोखंडी कांब आणली आणि फर्मान काढलं: ज्यांची करडं शिंगांची राहतील, त्यांचं दूध पुढल्या वर्षीच्या बकरी ईदपासून संघात बंद.

रहिमो या विधवेचं घर अकरा बकऱ्यांच्या दुधावर चालत होतं. पण दहा दिवसांच्या करडाचं डोकं डागायला तिचा हात धजेना. शिंगाने कास फाटते हे तिला मान्य होतं. तिच्या स्वतःच्याच मांडीवर व्रण होता.

"तिकडच्या बकऱ्या गोठ्यात बसून खातात," ती सभेत म्हणाली. "आमच्या रानात कोल्ह्याला काय कान दाखवतील?"

मफद्दलने तिला सगळ्यांदेखत अडाणी म्हटलं आणि गावाला धडा म्हणून भर चौकात स्वतःची सगळी करडं डागली. सगळी म्हणजे सगळी, पुढल्या ईदसाठी राखलेला बोकडसुद्धा. ईदचं काय करायचं हे फ्रान्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःचं डोकं चालवायची सवय अध्यक्ष झाल्यापासून सुटली होती.

बोकड वर्षभरात दांडगा झाला. पण कांब नीट लागलीच नव्हती. डाव्या बाजूला एक खुरटं, वेडंवाकडं शिंग उगवलं. ते रोज खांबावर आपटायचं आणि रक्त यायचं. ईद दोन दिवसांवर आली तेव्हा मशिदीचे फकीह, धर्माचे नियम सांगणारे, बोकड बघायला आले. शिंग भळभळतंय, असा जखमी बोकड कुर्बानीला चालायचा नाही, असं सांगून ते चहाही न घेता गेले. आठवड्याचा बाजार आदल्याच दिवशी उठला होता. मफद्दलचे सासरे, मेहुणे, सगळे जेवायला येणार होते. आणि गावात जास्तीचा बोकड एकट्या रहिमोकडे होता, चांगला हातभर शिंगांचा.

तो झक मारत तिच्या दारात गेला. तिने पुदिन्याचा चहा पुढे केला.

"मावशी, बोकड दे. म्हणशील ते देतो."

"अरे, पण त्याला शिंगं आहेत."

मफद्दलने पेला एका घोटात रिकामा केला. तिने तो पुन्हा भरला.

"माझं दूध घेशील?"

"घेईन."

"शिंगांसकट?"

"शिंगांसकट."

तिने बोकड सोडला, दोरी मात्र ठेवून घेतली. मफद्दलने कान ओढला, मागून ढकलून पाहिलं. बोकड पाय रोवून उभा. न्हावी दुकानाबाहेर येऊन बघत होता. शेवटी अध्यक्षांनी दोन्ही शिंगं घट्ट धरली आणि बोकड भर चौकातून घरी नेला.