कालवांच्या मांडवाखाली

पॅम्ब्युलाच्या खाडीतळ्यात रोवेना क्रॅडॉकचे, शिंपल्यांतली कालवं वाढवायचे, खांबांवर उभारलेले मांडव आहेत. वडील गेल्यापासून ती एकटीच ते सांभाळते. मांडवांच्या सावलीत ब्रीम मासे राहतात आणि ब्रीमच्या मागे गळवाले येतात. त्यांचे गळ खांबांत अडकतात, तंगुसाची दोरी तुटते आणि गळवाला शिव्या देत निघून जातो. सुकतीला, पाणी ओसरलं की, रोवेना पक्कड घेऊन ते गळ उपटत बसायची. नाही उपटले, तर कालवं काढताना तिच्याच बोटांत घुसायचे.

गळांवर मऊ प्लास्टिकची आमिषं ओवलेली असायची, कुठलं कोळंबीसारखं, कुठलं किड्यासारखं. बहुतेक वाकडीतिकडी, मानेशी गोळा झालेली. पण त्या उन्हाळ्यात काही वेगळी सापडू लागली. आमिष सुईत दोरा ओवावा तसं सरळ. शिशाच्या गोळ्याला नीट टेकावं म्हणून नाकाचा शेंडा किंचित कापलेला. गळाचं टोक पाठीत जेमतेम लपवलेलं. पाऊस पडून पाणी गढूळ झालं की रंग काळपट जांभळा, पाणी निवळलं की फिक्या चहासारखा, आरपार दिसणारा.

हे सगळं एकाच हाताचं होतं. कोणाचा असेल तो हात? हा माणूस तळ्यात गळ टाकण्याआधी तळ्याकडे बघतो तरी, एवढं तिला कळलं. जाळ्या धुताना ती त्या हाताचा विचार करायची. स्वप्नात ती मांडवाखाली असायची. वरून उन्हाचे पट्टे उतरायचे, त्यांतून एक छोटं आमिष शेपटी हलवत सावकाश खाली यायचं, आणि ते तळाला टेकायच्या आत तिला जाग यायची.

उन्हाळा सरल्यावर एप्रिलमध्ये एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की खांबांची नुसती डोकी पाण्यावर तरंगत होती. धुक्यातून कोणीतरी कोणाचा तरी उद्धार करत होतं. रोवेनानं तराफा तिकडे वळवला. छोट्या होडीत एक म्हातारा, आणि त्याचा तंगूस तिच्या खांबाला ताणलेला.

"अहो, माझा खांब उपटून घरी नेताय की काय?"

"तुमचा खांबच माझा गळ सोडत नाहीये, बाई!"

तिनं वाकून गळ सोडवला, आणि आमिष बघून तिचा हात थांबला. नाक कापलेलं, अंग सरळ.

"हे तुम्ही ओवता?"

"मग काय शेजारी येऊन ओवून देतात?" म्हातारा छाती फुगवून म्हणाला. त्याचं नाव लेस्टर.

"एक ओवून दाखवा ना."

लेस्टरनं डबीतून आमिष काढलं, गळ घुसवला, जीभ बाहेर काढून ढकलला. टोक पोटातून बाहेर आलं. आमिष केळीसारखं वाकलं.

"असं पाण्यात टाकलंत तर भिंगरीसारखं फिरेल," रोवेना हसली. "ब्रीम काय, खेकडासुद्धा लांब पळेल."

"बरं बाई, बायको ओवते! झालं समाधान?" लेस्टर कानापर्यंत लाल झाला. "मॉयरा. धक्क्यावर गाडीत बसलीय. तिला बोट लागते. आंघोळीच्या टबातसुद्धा तिला मळमळतं."

रोवेना त्याच्यामागून धक्क्यावर गेली. गाडीचं दार उघडं होतं आणि एक लहानखुरी बाई पांढऱ्या पत्र्याच्या मगात डोकावत होती. मगात तळ्याचं पाणी होतं, पाण्यात एक आमिष.

"या रंगाचं आज काही खरं नाही," ती वर न बघताच म्हणाली. "लेस्टर, धुकं जाईपर्यंत काळं लाव. आणि शिसं हलकं. दगडासारखं पडलं की ब्रीमला संशय येतो. वाळलं पान कसं पडतं, तसं पडायला हवं."

"पडताना तुम्ही कधी बघितलंय?" रोवेनानं विचारलं.

मॉयरानं वर पाहिलं. "नाही. मनातच बघते."

रोवेनानं धक्क्याला बांधलेल्या तराफ्याकडे बघितलं. मग एकदम म्हणाली, "माझा तराफा सपाट आहे. त्याच्यावर टेबल मांडून पत्ते खेळता येतील. येता?"

"मी ओकेन तुमच्या कालवांवर."

"कालवांनी याहून वाईट पाहिलंय."

मॉयरा तराफ्यावर आली ती रोवेनाचा दंड घट्ट धरून. भरती भरून पाणी थांबलं होतं. धुकं विरत होतं. खांबाला तराफा बांधून दोघी कडेला पालथ्या पडल्या, हनुवटी लाकडावर टेकून. मॉयरानं आमिष सोडलं.

ते पडलं नाही, उतरलं. उजेडातून सावलीत, सावलीतून उजेडात, शेपटी जराशी थरथरवत. शिंपल्यांच्या कडा खाली चमकत होत्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मॉयरा बोटांतून तंगूस सोडत राहिली.

"असं जातं होय," ती पुटपुटली. "असं जातं!"

सावलीतून एक चंदेरी अंग पुढे आलं. थांबलं. नाकानं आमिष ढकललं, पुन्हा ढकललं, मग तोंडात घेतलं.

"ओढ!" रोवेना ओरडली. "अगं, ओढ ना!"

मॉयरा बघतच राहिली. माशानं खांबाला वळसा घातला, कालवांच्या धारेवर तंगूस कापला गेला.

"जाऊ दे," मॉयराचे डोळे भरले होते. "किती सुंदर खाल्लं गं त्यानं."

तेवढ्यात लांबून एक मोटरबोट गेली. तिच्या लाटांनी तराफा डुलला आणि मॉयरानं कबूल केल्याप्रमाणे कालवांवर सकाळचा टोस्ट ओकला. मग तोंड धुतलं, बाहीला पुसलं आणि दुसरं आमिष ओवायला घेतलं. आधी गळाशेजारी धरून माप, टोक जिथून निघायचं तिथे नखाची खूण, मग एका दमात आरपार.

यावेळी ती ओढायला विसरली नाही. मोठा, पिवळ्या परांचा ब्रीम वर आला. ओल्या हातात त्याला धरून तिनं गळ सोडवला, आणि पाण्यात तसाच धरून ठेवला, तो आपणहून निघून जाईपर्यंत.

"मॉयरा!" लेस्टर होडी वल्हवत येत होता. "काही लागलं का? मला तर शेवाळसुद्धा लागलं नाही!"

"हळू वल्हव," ती म्हणाली. "मासे बिचकतील."

त्यानं वल्हं आडवं ठेवलं. होडी वाहत आली आणि तराफ्याला टेकून थांबली.