बुलबुलाची तीन अंडी

माळीकाकांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढून ताईंच्या हातावर ठेवला.

"सोमवारी सकाळी फांदी सोडली मी. पण तोवर कावळ्याने डाव साधला होता."

ताईंनी सुतळी मुठीत घेतली. गेल्या रविवारी कुंपणाच्या झुडपात बुलबुलाचं घरटं सापडलं, तेव्हा चौदाही मुलांना नीट दिसावं म्हणून त्यांनीच पुढची फांदी मागे ओढून बांधली होती. तीन गुलाबीसर, ठिपकेदार अंडी. मग पालक आले, फोटो झाले, कौतुक झालं आणि फांदी सोडायची राहून गेली. घरट्याच्या वाटेला जायचं नाही, हा बागेतल्या निसर्गवर्गाचा पहिला नियम त्यांनीच मुलांकडून घोकून घेतला होता.

फाटकातून मुलं धावत आली ती थेट झुडपाकडे.

"ताई, घरटं रिकामं आहे!"

"हो ना," त्या हसून म्हणाल्या. आपल्याला इतकं सहज हसता येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "पिल्लं मोठी झाली. उडाली भुर्रकन!"

धाकट्या दोघांनी टाळ्या पिटल्या. एकाने हात पसरून हिरवळीवर घिरट्या घातल्या. चष्मेवाली तेवढी नोंदवही चाळत उभी होती. दर रविवारी दिसेल ते तारखेसकट लिहायचं, हे सांगणं तिने एकटीनेच मनावर घेतलं होतं. तिने मागचं पान वाचलं, ताईंकडे पाहिलं आणि वही मिटली. अंडी फुटायला बारा-तेरा दिवस लागतात आणि पिल्लं उडायला पुढे आणखी तितकेच, हेही ताईंनीच सांगितलेलं.

तासभर ताई पानांच्या शिरा दाखवत राहिल्या. त्या पोरीकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

वर्ग सुटला. बाकीची मुलं नळावर हात धुवायला पळाली, तेव्हा ती जवळ आली.

"ताई, वहीत काय लिहू?"

"कशाबद्दल?"

"घरट्याबद्दल. उडाली असंच लिहू का?"

कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिने विचारलं होतं. नऊ वर्षांची पोर आपल्यावर पांघरूण घालते आहे, हे ध्यानात आलं आणि ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"नको. लिही, ताईंनी फांदी बांधली. सोडायला विसरल्या. कावळ्याने अंडी नेली."

पोरीने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मग पेन्सिल थबकली.

"आणि खोटं सांगितलं, तेही?"

"तेही."

फाटकाशी पालक जमू लागले होते. ताई उठल्या. मुलांना त्यांनी हाक मारली आणि पालकांनाही आत यायची खूण केली. सगळे गोल करून उभे राहिले. घिरट्या घालणारा तो अजून धापा टाकत होता. ताई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

चष्मेवालीने हळूच वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "पाठ आहे मला."