ग्रुपला लागलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझा मालक कोण असे विचाराल, तर एकच नाव सांगता येणार नाही. पडेगावातल्या कितीतरी घरांनी मिळून मला आणले आणि पाणी समितीच्या स्वाधीन केले. आता मी हौदाशेजारच्या समितीच्या खोलीत, टेबलाच्या खणात पडून असतो. काचेला तडा गेला आहे, बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावले तर घटकाभर जीव धरतो. काल तसे कुणीतरी लावले, आणि तेव्हापासून मला घोर लागला आहे.

दुकानाच्या काचेच्या कपाटात होतो, तेव्हा माझी स्वप्ने मोठी होती. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढू, बारशाचे काढू. नशिबी आले पाणी! तेव्हा दौलताबाद रोडच्या दोन्ही अंगांनी वसाहती भराभर उठत होत्या. शहर पळत पळत पडेगावापर्यंत आले, पण नळ काही त्याच्याबरोबर पळाला नाही. टँकर यायचा, हौदात रिकामा व्हायचा, आणि हौदातून घरोघरचे ड्रम भरले जायचे. टँकर कधी येणार, कुणाची पाळी आहे, हे सगळ्यांना कळावे म्हणून माझ्यावर एक ग्रुप उघडला गेला.

समितीचे अध्यक्ष वैजनाथराव. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर ठेवून एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक सूचनेची सुरुवात 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी करायचे. टँकर हौदावर उभा असायचा आणि यांची सूचना अजून 'संबंधितांस'पाशीच! त्यांच्या जोडीला पद्मजाताई होत्या. त्या औषधांच्या दुकानात कामाला होत्या. त्या सरळ बटण दाबून बोलायच्या, 'टँकर निघाला हो, ड्रम रिकामे करून ठेवा.'

रोज सकाळी फुलांची चित्रे, शुभेच्छा आणि नमस्कार यांचा माझ्यावर पाऊस पडायचा. त्यातून एक आवाज मी बरोबर ओळखायचो. तो सरूबाईंचा. त्या टोकाच्या पत्र्याच्या घरात राहायच्या. लिहिता-वाचता येत नव्हते, पण बोलायचे बटण त्यांनी पक्के शिकून घेतले होते. 'ताई, आज येनार का वं टँकर?' एवढेच विचारायच्या. पद्मजाताई उत्तर द्यायच्या आणि सरूबाई म्हणायच्या, 'बरं झालं बाई.' खंडेनवमीला हौदाच्या पंपाबरोबर मलाही हळद-कुंकू लागले. खोटे कशाला बोलू, तेव्हा मी जरा फुगलोच होतो.

मग तो उन्हाळा आला. जायकवाडी तळाला गेले, हर्सूलचा तलाव भेगाळला. टँकरच्या खेपा कमी झाल्या. ग्रुपवर फुले येईनाशी झाली आणि भांडणे येऊ लागली. त्यातच सरूबाईंची सून संस्कृती बाळंत झाली. बाळंतपण माहेरी व्हायचे, पण माहेरच्या गावात प्यायलाही पाणी नव्हते, म्हणून ती इथेच राहिली. मुलगा गोकुळ दूरच्या कारखान्यात कामाला होता. घरात बाळंतीण, तान्हे बाळ आणि भरलेला एक ड्रम. सरूबाईंनी त्या ड्रमवर झाकण घालून वर दगड ठेवला होता. पुढचा टँकर यायला बरेच दिवस होते.

एके दिवशी सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी घाण डबक्यातून टँकर भरला जात होता आणि खाली लिहिले होते, 'पडेगावच्या हौदात हेच विषारी पाणी.' मुळात कुणी बनवला कोण जाणे! बघता बघता मी तापलो. 'खरं आहे का?' 'समिती झोपली का?' 'पोरांना पाजलं की हो आम्ही!' शिव्याही सुरू झाल्या.

पद्मजाताई धावत खोलीत आल्या. 'काका, काहीतरी लिहा लवकर.'

'अगं, पूर्ण चौकशी झाल्याशिवाय लिहायचं कसं? उद्या जबाबदारी कुणाची?' वैजनाथराव म्हणाले. 'आधी हा गोंधळ बंद करतो.'

आणि त्यांनी ग्रुपला कुलूप लावले. म्हणजे ग्रुपवर फक्त समितीनेच लिहायचे, बाकीच्यांनी नुसते वाचायचे. मी एकदम गप्प झालो. पद्मजाताई टँकरच्या चालकाला, कडूबांना, शोधायला निघाल्या आणि वैजनाथराव सूचना लिहीत बसले. वरातीमागून घोडे निघावे तशी ती सूचना निघाली: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, हौदातील पाण्याबाबत चौकशी सुरू असून नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.'

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. कोण कोण सूचना पाहते आहे ते मला कळत होते. सरूबाईंच्या फोनवरही ती उघडली गेली. पण पुढे त्यांचा आवाज आला नाही. येणार कसा?

पद्मजाताई कडूबांना घेऊन परतल्या. व्हिडिओतला टँकर हिरवा होता आणि कडूबांचा लाल. 'म्या नेहमीच्याच जागी भरलंय ताई, लेकराची आन,' कडूबा सांगत होते. ताईंनी मला उचलले, कुलूप काढले आणि बोलायला लागल्या. 'ऐका. व्हिडिओतला टँकर आपला नाही, कडूबा इथं समोर उभे आहेत. पाणी तपासणारा माणूस दुपारी येतोय. तोवर पिऊ नका, पण फेकूही नका. झाकून ठेवा. तपासणीत काय निघालं ते जसं कळेल तसं सांगते. विचारायचं ते विचारा, मी फोनजवळच बसलेय.'

तेवढ्यात दारात सरूबाई उभ्या राहिल्या. हातात रिकामी कळशी.

'ताई, ड्रम उलटा केला म्या,' त्या म्हणाल्या. 'शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. दक्षता घ्या म्हनले, मंग मला वाटलं इख असंल. बाळंतिणीच्या पोटात कसं घालू? आता लेकराला पुसायलाबी पानी नाय.'

'अहो, एकदा विचारायचं तरी!' वैजनाथराव म्हणाले.

'इचारनारच व्हते. पर त्यात इचारायला जागाच नव्हती.'

दुपारी तपासणी झाली, पाणी चांगले निघाले. ताईंनी ते लगेच कळवले आणि सरूबाईंचा ड्रम रिकामा आहे हेही सांगितले. ज्यांनी पाणी फेकले नव्हते, ते एकेक कळशी घेऊन पत्र्याच्या घराकडे निघाले. पहिली कळशी वैजनाथरावांची होती. त्यानंतर ते समितीवर असेपर्यंत ग्रुपला पुन्हा कधी कुलूप लागले नाही. सूचना मात्र 'सर्व संबंधितांस'नेच सुरू व्हायच्या!

आता ते पुण्याला मुलाकडे असतात. पद्मजाताई पैठणला राहायला गेल्या. समितीवर अमेय आहे आणि माझ्या जागी चकचकीत नवा मोबाइल आहे. काल अमेयने जुने फोटो काढायला मला चार्जिंगला लावले. उन्हाळा पुन्हा कडक आहे, पाइपलाइनचे खड्डे खणून ठेवले आहेत आणि टँकर चुकला आहे. अमेय कुणाला तरी सांगत होता, 'ग्रुपवर बाकीच्यांचं लिहिणं बंदच ठेवलंय. नुसती कटकट असते.' तोच हा घोर.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पाण्यात पाडू नका, हे मी सांगणारच होतो. ते राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी संस्थेचा फोन तुमच्या हातात येईल. संकटात जेवढे माहीत असेल तेवढे लगेच सांगा, जे माहीत नसेल ते 'अजून माहीत नाही' असेही सांगा. आणि कुणालाही विचारण्यापासून अडवू नका.

हे सारे काल अमेयला सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता. तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारी आली. तिच्या बोटाला धरून शाळेच्या गणवेशातला नातू उभा होता.

'आज येनार का रं टँकर?'

'मावशी, ग्रुपवर बघायचं ना,' अमेय मान वर न करता म्हणाला.

'बगितलं बाबा,' सरूबाई म्हणाल्या. 'इचारायला जागा कुठं हाय त्यात?'