साडूची दाढ

दंतवैद्याला पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट जगात फक्त त्याला एकट्याला ठाऊक होती. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींपुढे काहीतरी मर्दुमकीचं सांगायला हवं, म्हणून लहानपणी भर पुरात नदी पार केल्याची हकिकत त्याने ठोकून दिली. ती इतकी रंगली की पुढे दर पाहुण्यासमोर तिची फर्माईश होऊ लागली, आणि दर खेपेला नदीचं पात्र थोडं थोडं रुंदावत गेलं. पन्नाशी उलटेपर्यंत पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. हकिकतीतला मुलगा तसा खरा होता. फक्त तो शेजारच्या घरातला होता. दंतवैद्य काठावर बसून त्याचे कपडे सांभाळत होता.

त्याचा साडू चष्म्याचं दुकान चालवायचा. साडू हे नातंच असं, की त्यात रक्त नसतं, मैत्री असावीच असंही नसतं, पण तुलना मात्र जन्माची चिकटते. एकाने गाडी घेतली की दुसऱ्याला आपली गाडी खोकताना ऐकू येते. या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली, म्हणजे दंतवैद्याची बायको, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. धाकटी वीजपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर बसायची आणि माणसाने तोंड उघडायच्या आत तो कोणती थाप मारणार हे ओळखायची, असा तिचा दावा होता.

बेटावर जायची कल्पना बहिणींची. उन्हाळी सुट्टीत सगळ्यांनी मिळून गरम हवेच्या, निळ्या पाण्याच्या एखाद्या बेटावर जायचं, झाडाखाली आडवं व्हायचं आणि कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, एवढीच त्यांची योजना होती. ती दोन वाक्यांत संपत होती म्हणून नवऱ्यांना अपुरी वाटली.

मग दर रविवारी संध्याकाळी दवाखान्यात बैठका सुरू झाल्या. पेशंटांना त्यांच्या किडलेल्या मुळ्या मोठ्या करून दाखवायचा जो पडदा होता, त्यावर दंतवैद्याने बेटाचा नकाशा लावला. साडू पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून आडवा व्हायचा आणि बहिणी बाहेरच्या बाकावर शेंगदाणे खात बसायच्या. पहिल्या रविवारी साडूने सुचवलं, की तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे बघायचे. दंतवैद्याला तिथेच नाही म्हणावंसं वाटलं. पण माघार घ्यायची तर साडूने घ्यावी, आपण कशाला? त्याने भाव वाढवला. नळी ही पोरांसाठी असते, म्हणाला, आपण पाठीवर हवेची टाकी बांधून सरळ तळ गाठू.

साडू खुर्चीत किंचित आखडला आणि म्हणाला, चालेल की. वर त्याने समुद्रात अर्धी बुडालेली एक गुहा काढली. दंतवैद्याने गुहेवर डोंगर चढवला, डोंगरावर साडूने दरी आडवी टाकली, आणि त्या दरीवरून तारेला लोंबकळत पलीकडे जायचं ठरलं. दर वेळी दंतवैद्य श्वास रोखून वाट पाहायचा, की आता तरी हा म्हणेल, 'या वयात कशाला उगीच?' साडू म्हणेना. मेहुणीने बाकावरून एकदा विचारलं, की यात झाडाखाली पडायचं कधी आहे? तिला सांगण्यात आलं, की संध्याकाळी. वेळ उरला तर.

बेटावर अशा सहली नेणारी एक बाई होती, तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सगळ्यांना पोहता येतं ना? दंतवैद्याने घसा खाकरला. एवढ्यात बायको बाकावरून अभिमानाने म्हणाली, "आमच्या ह्यांनी तर पुरात नदी पार केलीये." साडू छताकडे बघत राहिला. विषय तिथेच मिटला आणि दंतवैद्य पुरता कात्रीत सापडला.

निघायच्या आधीचे आठवडे त्याने न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून काढले. केस सारखे ओले का असतात, असं बायकोने विचारलं, तेव्हा उकडतंय म्हणाला.

बेट छान होतं. म्हणजे असावं, कारण दंतवैद्याचं लक्ष तिकडे नव्हतं. फोनवरची बाई धक्क्यावर घ्यायला आली होती. रुंद खांदे, उन्हाने रापलेली, सगळे तिला कप्तान म्हणत. उद्या सकाळी टाक्या लावून समुद्रात उतरायचं, असं तिने सांगितलं. दंतवैद्याचा चेहरा बघून ती जरा वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "काही होत नाही. फक्त अंग सैल सोडायचं." हेच शब्द, याच आवाजात, तो स्वतः आयुष्यभर पेशंटांना ऐकवत आला होता. त्यामुळे त्यांची किंमत किती, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

सकाळी तो ताटावर मान खाली घालून बसला असताना मेहुणी घाईघाईने आली. साडूची दाढ दुखायला लागली होती, ठणका पार कानापर्यंत जात होता. दंतवैद्याने देवाचे मनातल्या मनात आभार मानले आणि शक्य तितका गंभीर चेहरा करून एक चमचा आणि बॅटरी उचलली.

साडू खोलीत गालाला टॉवेल बांधून पडला होता. दंतवैद्याने मेहुणीला बाहेर थांबायला सांगितलं आणि चमच्याच्या दांड्याने दाढेवर हलकेच टिचकी मारली. साडू कण्हला. शेजारच्या दाढेवर मारली, तरी कण्हला. मग दंतवैद्याने दुसऱ्या बाजूला दांडा नुसता नेला, लावलाच नाही. साडू आणखी मोठ्याने कण्हला.

दंतवैद्याने बॅटरी विझवली. दाढ खणखणीत होती. तोंडात कुठे सूज नव्हती, कीड नव्हती, काही नव्हतं. त्याने साडूच्या डोळ्यांत पाहिलं. बादलीवर वाकताना पाण्यात जो चेहरा दिसायचा, तोच समोर टॉवेल बांधून पडला होता.

आता नुसतं दार उघडून दोन शब्द बोलायचे होते. साडूची अशी फजिती झाली असती की पुढची वीस वर्षं चघळता आली असती. दंतवैद्याने तोंड उघडलंसुद्धा. पण खिडकीतून कप्तानबाई होडीत टाक्या चढवताना दिसली. एक, दोन, तीन, चार. साडू बरा झाला तर चारही लागणार होत्या.

"आत खोलवर सूज आहे," तो दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "हवेचा दाब बदलला तर फार वाईट. पाण्यात उतरायचं नाही, उंचावर चढायचं नाही."

साडूने उघड्या तोंडानेच विचारलं, "गुहा?"

"गुहा तर मुळीच नाही. आणि जवळ सतत माहितगार माणूस हवा. मी थांबतो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कप्तानबाई खोळंबली होती, म्हणून टाक्या बहिणींच्या पाठीवर चढल्या. दोघी जाताना जे बोलल्या ते इथे सांगण्यात अर्थ नाही. पुढचे दोन दिवस त्या समुद्राच्या तळाशी जाऊन आल्या, गुहेत पोटावर सरपटल्या, डोंगरावर घसरून कोपरं सोलून आल्या. इकडे त्यांचे नवरे झाडाखाली पत्ते कुटत होते. दंतवैद्याला साडू पहिल्यांदाच बरा माणूस वाटला. फक्त जेवायला सगळे एकत्र बसत तेव्हा पथ्य पाळावं लागायचं. साडूसमोर पातळ सूप आणि दंतवैद्यासमोर तळलेला मासा. दंतवैद्य काटा न् काटा सावकाश चोखून खायचा आणि मधूनच मेहुणीला सांगायचा, मीठसुद्धा नको देऊ त्याला.

तेच अंगाशी आलं. नवऱ्याची सुपावर चाललेली आबाळ मेहुणीला बघवेना. तिसऱ्या दिवशी ती सकाळीच कुठेतरी गेली आणि तासाभराने परतली, ती काम फत्ते करूनच. बाजारामागे दातांच्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आपली खोली आणि हत्यारं वापरायला देऊ केली होती.

"भाऊजी, खुर्ची मिळाली," मेहुणी म्हणाली. "टाका एकदाची काढून."

दंतवैद्याने सूज उतरायला हवी, असं म्हणून पाहिलं. बधिर करायचं औषध जुनं असेल, असंही म्हणून पाहिलं. पण मेहुणीचा सगळा जन्म असली उत्तरं ऐकण्यात गेला होता. तासाभरात साडू त्या खुर्चीत होता. डॉक्टरीणबाई हवं ते घ्या म्हणून चहाला निघून गेल्या. बहिणी पातळ दरवाज्याबाहेर बाकावर बसल्या.

"आता?" दंतवैद्य कुजबुजला.

"काढा," साडू म्हणाला.

"अरे, धडधाकट दाढ आहे."

"माझीच आहे ना? उद्या त्या तारेवर लोंबकळण्यापेक्षा दाढ गेलेली परवडली. काढा तुम्ही."

त्याने डोळे मिटले आणि तोंड वासलं. दंतवैद्याने पकड हातात घेतली, दिवा खाली ओढला. दाढेवर साधा डागसुद्धा नव्हता. एवढ्या वयात अशी दाढ त्याने क्वचितच पाहिली होती. आणि ती असावी कोणाच्या तोंडात, तर या माणसाच्या. थापा मारण्यात दंतवैद्याची हयात गेली होती, त्याबद्दल त्याची झोप कधी उडाली नव्हती. पण चांगली दाढ उपटायची म्हटल्यावर हात पुढे जाईना. त्याने पकड ट्रेमध्ये ठेवली आणि बाहेर आला.

"निदान चुकलं," तो म्हणाला. "दाढ चांगली आहे. माझीच नजर चुकली."

 मेहुणीचा हात हळूहळू स्वतःच्या गालाकडे गेला. "माझ्या दोन काढल्यात तुम्ही," ती म्हणाली.

"त्या किडलेल्या होत्या."

"कशावरून?"

 त्याची दातखीळ बसली. दवाखान्यातली पंचवीस वर्षांची कमाई त्या बाकासमोर घरंगळत चाललेली दिसली, आणि ती अडवायला त्याला हाताशी एकच गोष्ट सापडली. "मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

दोघींना याचा त्याच्याशी काही संबंध लागेना. मग त्याने सगळं सांगितलं. नदी, शेजारचा मुलगा, काठावरचे कपडे, बादली. साडूचं नाव मात्र त्याने कुठे घेतलं नाही. दाढ दुखतेय असं आपल्याला वाटलं आणि तेवढ्याचा आपण फायदा घेतला, असंच सांगितलं.

"आणि मग याला दुखत काय होतं?" मेहुणीने विचारलं. तिघांनीही बंद दाराकडे पाहिलं.

"आता कमी आहे," आतून आवाज आला.

 मेहुणीने पर्स उचलली आणि चालू लागली. तिने पुढे दुसरा दंतवैद्य धरला आणि तिथल्या वेटिंग रूममध्ये कारणही सगळ्यांना सांगितलं, पण ते घरी परतल्यावर.

बायको बाकावरच बसून होती. ती हसेल किंवा भांडेल, या दोन्हींची त्याने तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "परवा ती टाकी लावून खाली जाताना माझे हातपाय गार पडले होते. वर यायची खूण करणार होते. तेव्हा मला तुमची नदी आठवली. म्हटलं, पोरवयात यांनी एवढं केलं, तर मला का जमू नये." तिने चपलेतली वाळू झटकली. "कपडे सांभाळत होतात."

"हो."

"नीट सांभाळलेत तरी?"

तो हो म्हणाला. ती उठली आणि बहिणीच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी मेहुणी एकटीच तारेवरून गेली, आणि आवडलं म्हणून पुन्हा वर चढून परत गेली. पुरुषांसाठी बहिणींनी कप्तानबाईला वेगळं काम सांगितलं होतं. तिने दोघांना उथळ पाण्यात नेलं, जिथे बेटावरची शाळकरी पोरं पोहायला शिकत होती, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक तरंगती फळी दिली. साडू फळीला पालीसारखा चिकटून पडला आणि कोणी पाणी उडवलं तरी शिव्या देऊ लागला. दंतवैद्य तोंड बुडवायचा, खोकत वर यायचा, समुद्राचं पाणी नाकातून काढायचा. पोरांना या कार्यक्रमाची फार मजा वाटत होती.

बायको वाळूत पाठ करून बसली होती. बऱ्याच वेळाने त्याला दिसलं, की ती वळून बसली आहे. मग उठली, कपडे वर खोचले आणि पाण्यात चालत आली. तिने त्याच्या पोटाखाली हात धरला, चेहऱ्याकडे मात्र बघितलं नाही.

"लाथा काय मारताय," ती म्हणाली. "पाय नुसते हलवा."

त्याने हलवले.