घशातली पक्की शाई

मी एक जुना शाईचा पेन आहे आणि मित्रांनो, मी संतापलेलो आहे. गोड आवाजात सांगितलं असतं, पण घसाच बसवलाय माझा.

कारखान्यात एका बाईंनी माझी निब घासून घासून गुळगुळीत केली. मग एका मास्तरांनी मला विकत घेतलं, माझ्याकडून जन्मभर वह्या तपासून घेतल्या आणि शेवटी आपल्या लेकीला दिलं. लेक चित्रं काढायची. बाळ झोपलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचं काम सुरू. मी निळी रेघ ओढायची, मग तिने ओला कुंचला त्या रेघेवरून अलगद फिरवायचा. रेघ विरघळून रंगात मिसळायची आणि गालाखाली, कानामागे मऊ सावली उतरायची. लोक विचारायचे, ही सावली कुठून आणलीस? माझ्या पोटातून, दुसरीकडून कुठून?

मास्तर गेले. ती आठवणीतून त्यांचा चेहरा काढायला बसली. कपाळ झालं, चष्मा झाला. हनुवटीखालची सावली तेवढी राहिली आणि बाळ उठलं.

तिचा थोरला भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याने चित्र पाहिलं.

"चिमे, तुझी रेघ पाणी लागलं की रडते गं. पक्की शाई भर."

"दादा, मला रडकीच हवीय," ती आतून म्हणाली.

ऐकतोय कोण? टाक बुडवून लिहायची ती दाट काळी शाई त्याने माझ्यात भरली आणि बहिणीवर उपकार करून निघून गेला. बाळाला ताप आला. तो उतरेपर्यंत मी तसाच पडून होतो. शाई घशात सुकून दगड झाली.

तिने मला पेल्यात कोमट पाण्यात ठेवलं. तेवढ्यात दादा परत आला.

"बाबांचा होता रे तो."

"मला वाटलं, तुला मदत होईल."

"विचारायला तोंड दुखत होतं?"

काळी खपली हलली नाही. पण निबेमागे कुठेतरी धरून ठेवलेली जुनी निळाई हळूहळू पाण्यात सुटली. तिने त्याच पाण्यात कुंचला बुडवला आणि बाबांच्या हनुवटीखालून एकदा फिरवला. सावली उतरली.

दादाने पेल्यात वाकून पाहिलं. मी मात्र गप्प बसणार नाही. मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूला काय चालतं, हे आधी त्याला विचारा. माया असेल तर दोनदा विचारा.

मी अजून पेल्यातच आहे. ती रोज पाणी बदलते. पाणी अजून निळं होतंय.