मालकाक इचारल्याशिवाय

सरळ सांगते, मी जळत होते. परळच्या या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. लोकांचे हात-पाय चोळून माझी बोटं वाकडी झाली, आणि ही ऋता, काल आलेली पोर, डोळ्यांवर चढवायचा एक चष्मा घेऊन आली आणि सगळे तिच्याकडे! तो घातला की म्हणे समोर सफरचंदाची बाग दिसते. हात वर करून फळं तोडायची, खेळता खेळता व्यायाम. कंपनीने दोन आठवडे वापरून बघायला दिला होता.

"रुपालीमॅडम, तुम्हीपण बघा ना घालून," ऋता म्हणाली.

"मला माझा चाळिशीचा चष्मा पुरतो," मी म्हटलं.

माझे पेशंट एकेक करून तिच्या खुर्चीत गेले. परवापर्यंत कण्हणाऱ्या एक बाई चष्मा घालून खिदळायला लागल्या. माझ्यासमोर मेल्या कधी हसल्या नव्हत्या!

मग बाबुरावांची पाळी आली. मूळचे मालवणकडचे, राहायला घोडपदेवला, जन्म गिरणीत गेला. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर उजवा हात छातीच्या वर जाईना. चार महिने मी झटत होते. त्यांचं मागणं एकच, भाताचा घास आपल्या हाताने तोंडात घालायचा. बायको भरवायची, त्याची त्यांना फार लाज वाटे.

चष्मा घालून बाबुराव नुसते बसून राहिले. "काका, तोडा ना!" ऋता सांगून सांगून थकली. हात मांडीवरून हलेना. तीन दिवस तेच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घे, म्हटलं, आता.

चौथ्या दिवशी चष्मा काढून मी त्यांचा घाम पुसत होते, तर ते हळूच म्हणाले, "बाय, दुसऱ्याचा झाड ता. मालकाक इचारल्याशिवाय हात कसो लावू?"

"अहो, खोटं आहे ते सगळं."

"म्हायत आसा माका. पण कोणीतरी लावला असात ना? तू इचार मगे."

माझं माहेरही तिकडचंच. दुसऱ्याच्या कलमाखाली पडलेला आंबा न विचारता उचलला तरी आई हातावर फटका द्यायची. मला लगेच कळलं. ऋताला एवढंच सांगायचं होतं की काकांना म्हण, मालक हो म्हणालेत. ती चार पावलांवर उभी होती, फाइलमध्ये तोंड घालून, रडवेली.

"विचारते हं," मी बाबुरावांना म्हटलं. ऋताला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांनी चष्म्याबद्दल शेरा मागितला. सगळ्यांत जुनी म्हणून तो मीच द्यायचा. मी लिहिलं, 'वयस्कर पेशंटना जमत नाही.' शनिवारी चष्म्याचं खोकं कंपनीकडे परत गेलं. ऋताने डोळे पुसले, मी तिच्यासाठी चहा मागवला.

सोमवारी बाबुराव पुन्हा माझ्या खुर्चीत. मी हात चोळायला घेणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय सांगल्यान मालकान?"

आता काय बोलणार, कपाळ! "हो म्हणाले," मी म्हटलं. "हवी तेवढी तोडा म्हणाले."

"बरो माणूस," बाबुराव हसले. डोळे मिटून त्यांनी तोंड पुढे केलं. "घाल मगे चष्मो."

उजवा हात मांडीवरून उठला होता. छातीच्या वर गेला, खांद्याच्या वर गेला, आणि बोटं उघडी ठेवून तिथेच थांबला.